अठ्ठेचाळीस आकडे कुठे ठेवलेत?

शुक्रवार, १९ जुलै २०२४. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते, वारकरी परतीच्या वाटेवर होते. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

पहाटे ३.२६
मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या एका क्लाउड केंद्रात बिघाड सुरू झाला. त्या दिवशी जगभरचे विंडोज संगणक बंद पाडणाऱ्या खऱ्या संकटाशी त्याचा संबंध नव्हता. पण नंतर बराच वेळ लोक दोष तिकडेच शोधत राहिले.

सकाळी ९.३९
टेक्सासमधल्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या प्रणालीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. फाल्कन विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं. या फाइलमुळे ते एकविसावी नोंद वाचायला गेलं आणि हाती नोंदी होत्या वीसच. नसलेल्या जागी वाचायला गेल्यावर विंडोज जागच्या जागी थांबलं, निळा पडदा आला. संगणक पुन्हा सुरू झाला की तीच फाइल पुन्हा वाचली जाई आणि पुन्हा निळा पडदा.

सकाळी १०.५७
कंपनीने फाइल मागे घेतली. चूक ७८ मिनिटांत सुधारली. पण जे संगणक आधीच कोसळले होते त्यांना ती दुरुस्ती मिळणार कशी? सुरूच होत नाही ते यंत्र इंटरनेटवर येणार कुठून? आता जवळपास प्रत्येक यंत्रापाशी माणूसच जायला हवा होता.

सकाळी ११ नंतर
उपाय सापडला, आणि तो सोपा होता. सेफ मोडमध्ये जायचं, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची फाइल काढून टाकायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. पाच-दहा मिनिटांचं काम.

इथेच एक कुलूप आडवं आलं, बिटलॉकर.

कार्यालयांतल्या बऱ्याच यंत्रांची हार्ड डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं काही वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. रोज हे कुलूप मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप आपल्या नकळत उघडते. पण नेहमीची वाट सोडून दुरुस्तीच्या वाटेने आत शिरायला गेलं की यंत्र रिकव्हरी की मागतं. ती ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्राला लगेच कळतं. पडद्यावर की-आयडी दिसतो. तो जुळवून आपल्या यादीतली नेमकी की शोधायची. अर्थात, यादी असेल तर.

अनेक ठिकाणी यादी होती, पण ती ज्या सर्व्हरवर ठेवली होती तोच निळ्या पडद्यावर अडकला होता. माझ्या मते त्या दिवसाचं खरं संकट हेच. सदोष फाइल एका कंपनीची होती. किल्ल्या कुठे ठेवायच्या, हा निर्णय मात्र ज्याचा त्याचा होता.

दुपार
नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या देगलूरकराला लांबचं विमान पकडायचं तर मदनूर, संगारेड्डी करत हैदराबाद गाठायचं, ही नेहमीची वाट. त्या दुपारी हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर संगणक बंद असल्याने इंडिगोचे कर्मचारी पेनाने बोर्डिंग पास लिहून देत होते. त्या दिवशी एकट्या इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली. बँका बऱ्यापैकी वाचल्या. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली.

दुपारी ३.१५ च्या सुमारास
क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी जाहीर केलं की हा सायबर हल्ला नव्हे, आणि दुरुस्ती पाठवली आहे. बोलणं खरं होतं, पण हातात की नसलेल्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

शनिवार, पहाटे ३
देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पुन्हा नीट चालू लागल्या, असं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: बाधित यंत्रं ८५ लाख. विंडोजच्या एकूण यंत्रांपैकी ती एक टक्काही नव्हती.

ऑस्ट्रेलियात ग्रँट थॉर्नटन या संस्थेच्या तंत्रज्ञांनी नामी युक्ती काढली. एवढे आकडे हाताने बडवत बसण्याऐवजी प्रत्येक कीचा बारकोड केला आणि आपल्या मेडिकल दुकानात असतो तसला साधा स्कॅनर यंत्राला जोडला. स्कॅनर जणू कीबोर्डच होऊन आकडे भरत गेला. दर संगणकाला तीन ते पाच मिनिटं लागली. हे जमलं, कारण किल्ल्यांची यादी त्यांच्या हाताशी होती.

फाल्कन हे मोठ्या कंपन्यांचं महागडं साधन, म्हणून आपल्याकडचे घरगुती लॅपटॉप आणि लहान दुकानं या फेऱ्यातून सुटली. पण कुलूप आपल्याही यंत्रात असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बहुतेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि की त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप घेताना ते खातं दुकानातल्या मुलाने घाईत उघडून दिलं असेल, पासवर्ड त्यालाच ठाऊक असेल, तर की तुमची असूनही तुमच्या हातात नाही. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं, की तोच की मागणारा पडदा देगलूरच्या घरातही उभा राहू शकतो. की हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने काढून देता येत नाही. मग डिस्क पुसून नव्याने सुरुवात करणं एवढंच उरतं. मुलीचा प्रकल्प, दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, सगळं जातं.

म्हणून आज यंत्र धडधाकट आहे तोवरच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर खात्यात जाऊन की शोधा, की-आयडीसकट कागदावर उतरवा, दोनदा ताडून पाहा. कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. घराचे आणि शेताचे कागद जिथे असतात तिथे ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला तो कुठे आहे ते सांगून ठेवा.