इलेक्ट्रॉनवाहकांची 'साखळी' : एका कल्पनेचा इतिहास

प्रकाशसंश्लेषणाच्या विवेचनात 'इलेक्ट्रॉनवाहक साखळी' हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, ती मूलतः एक उपमा आहे याचा सहसा विसर पडतो. साखळीच्या कड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. हरितकणूंच्या पटलांतील वाहकांची मांडणी तशी नाही. ही गोष्ट ध्यानी येण्यास बराच काळ लागला.

रॉबिन हिल यांनी १९३७ साली असे दाखविले की, पेशीबाहेर काढलेल्या हरितकणूंना कृत्रिम इलेक्ट्रॉनग्राहक पुरविल्यास ते प्रकाशात ऑक्सिजन मुक्त करतात. पुढे एकेक वाहक हाती येत गेला. कोफ्लर यांना १९४६ साली आढळलेले प्लास्टोक्विनोन क्रेन यांनी १९५९ साली पुन्हा प्रकाशात आणले. १९६० साली काटोह यांनी क्लोरेला या शैवालातून प्लास्टोसायनिन हे ताम्रयुक्त प्रथिन वेगळे केले. त्याच वर्षी हिल व बेंडॉल यांनी दोन प्रकाशक्रियांना जोडणारी आकृती मांडली व वाहकांना त्यांच्या ऊर्जापातळीनुसार क्रम लाभला. मात्र ही आकृती ऊर्जेची होती, स्थानाची नव्हे. कागदावर शेजारी असलेले घटक पटलातही शेजारी असतील, हे तिने सिद्ध केले नव्हते. तथापि तसे गृहीत धरणे स्वाभाविक वाटत होते.

या गृहीतकाला निर्णायक धक्का बसला तो १९८० साली. अँडरसन व अँडरसन (पहिले स्वीडनमधील, दुसऱ्या ऑस्ट्रेलियातील) यांनी पटलांचे तुकडे वेगळे करून असे दाखविले की, दुसरी प्रकाशप्रणाली मुख्यत्वे ग्रॅनांच्या एकमेकांस चिकटलेल्या पटलांत, तर पहिली बाहेरील मोकळ्या पटलांत असते. ग्रॅनातील चकतीचा व्यास सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर असतो. तेव्हा इलेक्ट्रॉनांना मध्यभागापासून कडेपर्यंतचे अंतर कापावे लागते, हे उघड झाले. हा प्रवास कोण करतो?

प्लास्टोक्विनोन हा लहान, मेदविद्राव्य रेणू असल्याने प्रथम त्याचेच नाव पुढे आले. परंतु ग्रॅनांच्या पटलांत प्रथिनांची इतकी दाटी असते की, त्याच्या विसरणास पदोपदी अडथळा होतो. १९९० नंतरच्या काळात जोलिओ व लाव्हेर्न यांच्या प्रयोगांवरून तो लहान लहान क्षेत्रांतच वावरतो असे अनुमान निघाले. सायटोक्रोम बी६एफ हे संकुल दोन्ही प्रकारच्या पटलांत आढळत असल्याने त्याला दूर जाण्याचे कारणही नव्हते. उरले प्लास्टोसायनिन. ते पटलात नसून आतील पोकळीतील द्रवात वावरते. ही पोकळी अंधारात अरुंद असते व प्रकाशात रुंदावते, असे २०११ साली किर्खहोफ व सहकाऱ्यांनी दाखविले. त्याच गटाने २०२० साली निरनिराळ्या व्यासांचे ग्रॅना असलेल्या उत्परिवर्ती वनस्पती तपासल्या, तेव्हा चकती जितकी रुंद तितका प्लास्टोसायनिनचा प्रवास मंदावतो असे आढळले. दूर पल्ल्याचा वाहक तोच, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रॅनांचा आकार हा केवळ शरीररचनेचा विषय नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या वेगाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९६० ची आकृती चुकीची ठरली नाही. तिने जे सांगितलेच नव्हते, ते तिच्यात वाचले गेले होते, इतकेच.