गमावलेली सत्ता आणि कागलचा अनुभव

सत्ता हातची गेलेल्या पक्षाला ती पुन्हां कशी मिळेल, हा प्रश्न राजधानींतील पुढाऱ्यांना विचारण्याचा प्रघात आहे. आज तो आपण कागलला विचारूं. कोल्हापूरजवळ, पुणें-बंगळूर हमरस्त्यावर वसलेल्या ह्या गांवास लोक राजकारणाचें विद्यापीठ म्हणतात, आणि तें केवळ थट्टेनें नव्हे.

राजर्षि शाहू छत्रपति जन्मले ते कागलच्या घाटगे घराण्यांत, १८७४ सालीं. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. १९०२ सालीं त्यांनीं संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांकरितां राखून ठेवण्याची आज्ञा काढली. समतेची भाषा बोलणारे महाराष्ट्रांतील पक्ष ह्याच आज्ञेचा वारसा सांगतात. परंतु आज शाहूंचें नांव सर्वच व्यासपीठांवरून घेतलें जातें. जें नांव सर्वांचें झालें, त्यावर एकट्या पक्षाला मतें मागतां येत नाहींत. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. कागलांत मतदार आधीं गटाचा असतो, मग पक्षाचा. गटाच्या पाठीशीं साखर कारखाना, दूधसंस्था, सोसायटी उभी असते. ज्याचा ऊस शेतांत उभा आहे, त्याला जाहीरनाम्यापेक्षां तोडीची पाळी अधिक जवळची वाटते. २००९ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसनें सदाशिवराव मंडलिक यांना लोकसभेची उमेदवारी नाकारली. सत्तरी ओलांडलेला हा कागलचा पुढारी अपक्ष उभा राहिला, आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारास हरवून निवडून आला. पक्षानें माणूस सोडला, तेव्हां मतदारांनीं पक्ष सोडला!

पुढें २ जुलै २०२३ रोजीं तोच पक्ष दुभंगला. १९९९ पासून कागलचे आमदार असलेले हसन मुश्रीफ अजित पवारांबरोबर मंत्री झाले. शरद पवारांच्या वांट्यास विरोधाची बाजू आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत महाविकास आघाडीनें राज्यांतील ४८ पैकीं ३० जागा जिंकल्या. कोल्हापूरची जागाहि काँग्रेसला मिळाली. गेलेली सत्ता आतां दारांत आली, असें अनेकांना वाटलें. कागलांत शरद पवारांच्या पक्षानें भारतीय जनता पक्षांतून आलेल्या समरजितसिंह घाटगे यांना उमेदवारी दिली. झुंज चुरशीची झाली, तरी मुश्रीफच विजयी झाले; आणि जिल्ह्यांतील दहा जागांपैकीं एकहि आघाडीच्या पदरांत पडली नाहीं. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकींत तर कालचे हे दोन प्रतिस्पर्धी एकत्र आले.

श्रोतेहो, ह्यांत व्यक्तींना दोष देण्याचें कारण नाहीं. दुसऱ्याच्या घरचा पुढारी आणून मतें मिळतात. पक्ष मिळत नाहीं. तो गेला कीं मतेंहि त्याच्या मागोमाग जातात, आणि पक्षाजवळ केवळ निशाणी उरते.

मग उपाय कोणता? तोहि इतिहासांतच आहे. शाहूंची राखीव जागांची आज्ञा १९०२ ची. पण कोल्हापुरांतील मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह १९०१ चें. पुढें जातीजातींच्या विद्यार्थ्यांकरितां अशीं अनेक वसतिगृहें निघालीं. सत्ता हातांत असतांहि त्या राजानें केवळ आज्ञेवर भरंवसा ठेविला नाहीं. जागा भरणारीं माणसें घडविण्याचें काम त्यानें आधीं आरंभिलें. ज्यांच्या हातीं आज्ञा काढण्याचा अधिकार नाहीं, त्यांना तर ह्या कामावांचून दुसरी वाटच नाहीं. गांवच्या सोसायटींत, शाळेंत, उंसाच्या फडावर जो पक्ष निवडणूक नसतांनाहि दिसेल, त्यालाच निवडणुकीच्या दिवशीं लोक ओळखतील.