झाइस्टच्या प्रयोगशाळेत एक दिवस

आधीच सांगून ठेवतो, आज नाश्ता हलकाच करा आणि अंगात जाड स्वेटर घाला. आपण 1990च्या दशकाच्या सुरुवातीच्या नेदरलँड्समध्ये उतरणार आहोत. तेही ट्यूलिपच्या मळ्यात नव्हे, तर भल्या पहाटे कोंबड्यांच्या कत्तलखान्यात.

पोहोचलात? पहिला तडाखा नाकाला बसतो. ओल्या पिसांचा, कढत पाण्याचा आणि रक्ताचा वास एकदमच अंगावर येतो. वाफेने चष्मा धुरकटतो. डोक्यावरून आकड्यांची साखळी खडखडत चाललीय आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. पायाखालची फरशी निसरडी आहे, जपून चाला. या कोंबड्यांचं मांस दुपारपर्यंत बाजारात जाईल. मुंडकी मात्र कुणालाच नको असतात आणि आपण आलोय ती नेमकी मुंडक्यांसाठीच. तुमच्या हातात प्लास्टिकची पेटी आहे. आतले कागद मिठाच्या पाण्यात भिजवलेत, म्हणजे डोळे सुकणार नाहीत. मुंडकी एकेक करून ठेवा, झाकण लावा आणि निघा. दोन तासांच्या आत पोहोचायचंय, वाटेत कॉफीला थांबायचं नाही.

उत्रेख्तजवळचं झाइस्ट हे झाडीतलं गाव. गार वाऱ्यात लोक सायकली हाणत कामाला निघालेत. टीएनओ ही इथली संशोधन संस्था. प्रिन्सेन आणि कूटर हे तिथले संशोधक एका प्रश्नामागे लागलेत: एखादं रसायन डोळ्यात गेलं तर किती इजा करेल, हे जिवंत प्राण्याला न छळता कळेल का?

कामाला लागण्याआधी एका खोलीत डोकावू. त्या काळच्या विषशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये अशी खोली सर्रास असायची. आत वाळल्या गवताचा आणि मुताचा उग्र दर्प आहे. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे ससे ओळीने पेट्यांमध्ये अडकवलेत, बाहेर फक्त मान. कुणीतरी सशाची खालची पापणी ओढून धरतं, तिथे 0.1 मिलीलीटर रसायन टाकतं आणि पापण्या क्षणभर मिटून धरतं. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग तासाने पाहायचं, दुसऱ्या दिवशी पाहायचं, तिसऱ्या, चौथ्या दिवशी पाहायचं. इजा बरी होत नसेल तर 21 दिवसांपर्यंत पाहत राहायचं. खोलीत आवाज जवळजवळ नाहीच, कारण ससा सहसा ओरडत नाही. त्याचं नाक तेवढं थरथरत असतं.

अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी 1944 मध्ये मांडलेली ही पद्धत. तिच्यामागे खरी गरज होती. 1930च्या दशकात अमेरिकेत लॅश लूर नावाच्या, पापण्या रंगवायच्या प्रसाधनाने काही स्त्रियांची दृष्टी गेली होती. चाचणी हवी, याबद्दल वाद नव्हताच. प्रश्न होता तो या पेट्यांचा. चला, दार लावून घ्या.

आता हात धुवा, हातमोजे चढवा. पेटीतल्या मुंडक्याच्या पापण्या कापताना कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, कात्रीचं टोकही लागता कामा नये. फ्लुरोसीन या रंगाचा थेंब टाका, काही सेकंदांत धुऊन काढा आणि स्लिट लॅम्पच्या सूक्ष्मदर्शकात पाहा. निळ्या प्रकाशात कुठे हिरवी चमक राहिली, तर तिथे ओरखडा आहे आणि तो डोळा बाद. निर्दोष डोळा अलगद काढून पोलादी चिमट्यात बसवा आणि छोट्या कप्प्यात ठेवा. कप्पा 32 अंश सेल्सियसला उबदार आहे. वरून नळीतून मिठाचं पाणी कॉर्नियावर संथपणे ठिबकतंय. पंप बारीक घुंघुं करतोय. पाऊण तास ते तासभर डोळ्याला स्थिर होऊ द्या.

इथे तुम्हाला नवल वाटेल. कोंबडी तर मेली, मग या डोळ्यात काय उरलं? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण बाहेरून अश्रूंवर आणि आतून डोळ्यातल्या द्रवावर चालतं. म्हणून ऊब आणि ओलावा राखला, तर तिच्या पेशी काही तास तग धरतात. वेदना जाणवायला मेंदू मात्र उरलेला नाही. इजा मोजता यावी पण यातना होऊ नयेत, ही जागा प्रिन्सेन आणि कूटर यांना नेमकी इथे सापडली.

आता रसायन. चाचणी नीट चालते की नाही हे तपासायला डोळ्याला हमखास इजा करणारं काहीतरी घेतात, समजा ॲसेटिक ॲसिड. बाटली उघडताच व्हिनेगरचा झणका तुमच्याच डोळ्यांत पाणी आणतो. चिमटा आडवा ठेवा, कॉर्निया वर. 30 मायक्रोलीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, तिच्या मधोमध सोडा. दहापर्यंत मोजा. लगेच 20 मिलीलीटर मिठाच्या पाण्याने धुवा आणि डोळा परत उबदार कप्प्यात ठेवा.

मग सुरू होतो पाहण्याचा खेळ: 30, 75, 120, 180 आणि 240 मिनिटांनी. दिवे मंद करा, स्लिट लॅम्पला डोळा लावा. प्रकाशाची बारीक फट कॉर्नियाला आडवी छेदते आणि तिची जाडी मोजता येते. इजा झालेल्या पेशी पाणी अडवू शकत नाहीत. कॉर्निया फुगते, गढूळ होते. मघाशी बुबुळाची नक्षी लख्ख दिसत होती, आता ती धूसर झाली, आता बाहुलीची कडाही जेमतेम कळते. बुबुळ पूर्ण दिसेनासं झालं, की वहीत गढूळपणापुढे 4 लिहायचे, स्वच्छ असेल तर 0. फुगवटा टक्क्यांत लिहायचा. अर्ध्या तासाने फ्लुरोसीन पुन्हा टाकून हिरवं किती उरतं तेही नोंदायचं. एकाच रसायनासाठी असे तीन डोळे लागतात. मान आखडते, डोळे चुरचुरतात, पण संध्याकाळी सायकलला टांग मारण्याआधी उत्तर तुमच्या वहीत असतं.

प्रिन्सेन आणि कूटर यांनी आपलं काम 1993 मध्ये प्रसिद्ध केलं. ते एका रात्रीत स्वीकारलं गेलं नाही. निरनिराळ्या रसायनांवर पडताळणी होत राहिली आणि 2009 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने या पद्धतीला आंतरराष्ट्रीय चाचणीचा दर्जा दिला. डोळा कायमचा बिघडवणारी रसायनं ओळखायला ती उपयोगी आहे आणि ज्यांना धोक्याचं लेबल लागत नाही अशी रसायनं ओळखायलाही. मधल्या, सौम्य ते मध्यम इजेच्या रसायनांचा निवाडा ती एकटी करू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरांसारख्या इतर चाचण्यांची जोड लागते. भारताने 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली. अशी पावलं टाकता येतात, कारण दुसरी वाट कुणीतरी आधी घासूनपुसून तयार ठेवलेली असते.

आता परत या, स्वेटर काढा. उद्या शाम्पूच्या बाटलीवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असं वाचलंत, तर नुसते खूश होऊ नका. मग चाचणी कशी केली, हे कंपनीला जरूर विचारा. माणसाचा डोळा वाचवायला सशाचा डोळा जाळावाच लागतो, ही सबब आता चालणार नाही. आणि चाचणीच केली नाही, ही सबब तर कधीच चालू देऊ नका.