वाजवणाऱ्याच्या हातांची नोंद

आमच्या लहानपणी घरात एक पायपेटी होती. मोडीत निघालेल्या एका नाटक कंपनीच्या सामानातून आजोबांनी ती विकत घेतलेली. दिवाळीत, पहाटेची अभ्यंगस्नाने आणि फराळ आटोपला की आजोबा तिच्यासमोर बसत, दोन्ही पायांनी भाता हलवू लागत, आणि घर नाट्यपदांनी भरून जाई. आजोबा गेल्यावर त्या पेटीवर कपड्यांच्या घड्या बसू लागल्या. पुढे कितीतरी वर्षांनी, त्या घड्या उचलून मी झाकण उघडले, तेव्हा मधल्या सप्तकाच्या पट्ट्या त्यांच्या बोटांनी झिजलेल्या दिसल्या. तेवढीच काय ती त्यांच्या वाजवण्याची नोंद!

वाजवणाऱ्याने हात उचलला की सूर विरून जातो, ही माणसाची फार जुनी खंत आहे. तिच्यावर त्याने दोन निरनिराळे उपाय शोधले. पहिला उपाय आपल्या सर्वांच्या परिचयाचा, म्हणजे प्रत्यक्ष आवाजच पकडून ठेवायचा. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला, तेव्हापासून तबकडी, फीत, आणि आता खिशातला फोन, सारे हेच करीत आले आहेत. दुसरा उपाय याहून हजार वर्षांनी जुना आहे. त्यात आवाज साठवायचा नाही. कोणती पट्टी केव्हा दाबली, केव्हा सोडली, कोणता स्टॉप ओढला, एवढेच टिपून ठेवायचे आणि ते टिपण वाद्याच्या हवाली करून त्याच्याकडूनच पुन्हा वाजवून घ्यायचे. दिवाळीच्या दिवसांना साजेसा दाखला द्यायचा तर पहिला उपाय म्हणजे चकलीचे छायाचित्र आणि दुसरा म्हणजे चकलीची कृती. छायाचित्रातली चकली कायम तशीच राहते. कृतीवरून मात्र दर वर्षी नवा घाणा काढता येतो.

आज डिजिटल ऑर्गनला सीक्वेन्सर नावाची छोटी पेटी जोडून वादक जे करतो, तो हा दुसरा उपाय होय. या पेटीची वंशावळ मोठी मनोरंजक आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होते. यंत्रांच्या करामतींवर त्यांनी लिहिलेले लेखन प्रसिद्ध आहे. आपोआप वाजणाऱ्या एका वाद्याचेही वर्णन त्यांनी केले. पाण्याच्या जोराने एक गोल फिरतो, त्या गोलावर दाते बसवलेले असतात, दाता आला की तरफ उचलली जाते आणि बासरीचे भोक उघडते. दाते कुठे बसवायचे ते एकदा ठरले की वाजवणारा घरी गेला तरी चालते. युरोपात हीच कल्पना पुढे ऑर्गनला लागू झाली. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या किल्ल्यावर १५०२ साली बसवलेला एक यांत्रिक ऑर्गन आहे. त्याच्या हंबरण्यामुळे लोक त्याला ‘साल्झबुर्गचा बैल’ म्हणतात.

त्याच साल्झबुर्गमध्ये जन्मलेल्या मोत्सार्टने १७९० आणि १७९१ या वर्षांत अशा यांत्रिक ऑर्गनसाठी तीन रचना केल्या. पैशांची निकड होती म्हणून काम पत्करले, पण त्या चिमुकल्या नळ्यांचा किरटा आवाज ऐकून तो वैतागला होता; पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे कळवलेही. मौज अशी की, यंत्रासाठी लिहिलेल्या या रचना आज मोठमोठे ऑर्गनवादक आपल्या हातापायांनी वाजवतात.

गोलाची एक अडचण होती. एका गोलावर मावणार किती? नवे गाणे हवे तर नवा गोल हवा. वाट दाखवली ती विणकराने. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते, आणि वस्त्रावर नक्षी उमटते. येवल्यात जॅकार्डचा माग ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेच पुठ्ठे पुढे वाद्याकडे आले. पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने १८९२ साली घडीच्या पुठ्ठ्यांवर वाजणारा जत्रेतला ऑर्गन बाजारात आणला. पुठ्ठा संपला की दुसरा जोडावा. गाणे हवे तेवढे लांबवा.

इथपर्यंतच्या साऱ्या यंत्रांत एक उणीव राहिली होती. दाते आणि भोके कारागीर बसवीत असे, कागदावरची स्वरलिपी पाहून, पट्टीने मोजून. त्यात वादक कुठेच नव्हता. कोणी एका जागी किंचित रेंगाळला, कोणी समेवर येण्याआधी श्वासभर थांबला, हे त्या भोकांत उतरत नसे. ती उणीव जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने भरून काढली. वादकाने पियानोवर बसून वाजवायचे आणि यंत्राने त्याचे वाजवणे कागदाच्या गुंडाळीवर टिपायचे, ही त्यांची युक्ती १९०४ साली पुढे आली. १९११ साली तुरिनच्या प्रदर्शनात त्यांनी याच तऱ्हेचा ऑर्गन मांडला. त्या कागदावर पट्ट्या, पायपट्ट्या, ओढलेले स्टॉप, आणि आवाज लहानमोठा करणाऱ्या झडपांची उघडझापसुद्धा नोंदली जाई.

१९१३ साली माक्स रेगर हा जर्मन संगीतकार वेल्टेकडे येऊन आपल्या काही रचना वाजवून गेला. त्याच सुमारास वेल्टेने एका महाकाय जहाजासाठी ऑर्गन बांधायला घेतला. ते जहाज म्हणजे टायटॅनिकचे धाकटे भावंड, ब्रिटानिक. पण १९१४ साली महायुद्ध पेटले. ब्रिटानिकचे इस्पितळ-जहाज झाले आणि ऑर्गन काही जहाजावर चढला नाही. १९१६ च्या मे महिन्यात रेगर त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ब्रिटानिक एजियन समुद्रात केआ बेटाजवळ बुडाले.

ऑर्गन मात्र वाचला. तो आधी श्टुटगार्टच्या एका कारखानदाराच्या घरी गेला, मग १९३७ साली विपरफ्यूर्ट गावच्या एका दिव्यांच्या कंपनीच्या दालनात बसला, आणि १९६९ साली हाइनरिश वाइस या संग्राहकाने तो स्वित्झर्लंडमधील झेवेन या गावी आपल्या संग्रहालयासाठी नेला. हा ऑर्गन मुळात कोणासाठी बांधला होता, याचा सर्वांना विसर पडला होता. पुढे दुरुस्तीसाठी तो उकलला गेला, तेव्हा २००७ साली आतल्या लाकडावर जर्मन वळणाने लिहिलेले ब्रिटानिकचे नाव सापडले. आज त्या ऑर्गनवर जुन्या गुंडाळ्या चढवल्या जातात, आणि जे जहाज समुद्राच्या तळाशी आहे त्याच्या ऑर्गनवर, जो माणूस शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गेला त्याचे हात वाजवतात. ही ध्वनिमुद्रिका नसते. खऱ्या नळ्यांतून खरा वारा वाहतो, आणि झडपा रेगरच्या सांगण्यावरून उघडतात.

पुढची हकिकत विजेची. अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंडचा विजेवर चालणारा ऑर्गन १९३५ साली आला. त्याला नळ्याही नव्हत्या आणि भाताही नव्हता. १९७१ साली अ‍ॅलन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन विक्रीस काढला. त्यात स्वराची आकृती अंकांच्या रूपाने साठवलेली होती. १९७७ साली जपानच्या रोलँड कंपनीने एमसी-८ हा सीक्वेन्सर आणला. त्याच्यावर गाणे चढवायचे तर आकड्यांची बटणे दाबत बसावे लागे, म्हणजे पुन्हा तो दाते ठोकणारा कारागीर आला! शिवाय एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नसे.

हा अबोला १९८३ च्या जानेवारीत सुटला. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक सामायिक भाषा मान्य केली. तिचे नाव मिडी. कॅलिफोर्नियातील प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि काकेहाशींचे ज्युपिटर-६ ही वाद्ये एका वायरने जोडण्यात आली; एकावर बोट ठेवले की दुसरे वाजू लागले. या भाषेच्या वापरासाठी कोणाकडून मोबदला घ्यायचा नाही, असे ठरले होते, म्हणून ती जगभर पसरली. त्या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली.

ही भाषा अगदी साधी आहे. प्रत्येक पट्टीला शून्यापासून १२७ पर्यंतचा एक क्रमांक असतो. पियानोच्या मधल्या ‘सी’चा ६०. पट्टी दाबली की ‘६० चालू’, सोडली की ‘६० बंद’. सेकंदाला ३१,२५० ठिपके या वेगाने हे निरोप वायरीतून धावतात. एका निरोपाला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. पाच बोटे एकदम पडली तरी निरोप मात्र पंगतीत वाढल्यासारखे एकामागून एक जातात, पण ते इतक्या झपाट्याने की कानाला पत्ता लागत नाही. वायर एक असली तरी तीत सोळा चॅनल असतात. ऑर्गनच्या पट्ट्यांची वरची ओळ एका चॅनलवर, खालची दुसऱ्यावर आणि पायपट्ट्या तिसऱ्यावर, अशी वाटणी करतात.

ज्यांच्या घरी किंवा प्रार्थनामंदिरात असे वाद्य असेल त्यांच्यासाठी जोडणीचे दोन शब्द सांगतो. ऑर्गनच्या ‘आउट’मधून निघालेली वायर सीक्वेन्सरच्या ‘इन’मध्ये जाते, आणि सीक्वेन्सरच्या ‘आउट’मधली परत ऑर्गनच्या ‘इन’मध्ये. पहिली वायर ऐकण्याची, दुसरी सांगण्याची. दोन्ही टोके ‘आउट’ला लावून यंत्राला दोष देणारे पुष्कळ भेटतात, त्यांत एकदा मीही होतो. सीक्वेन्सर आलेला निरोप लगेच परत पाठवीत असेल तर एकच सूर दोनदा वाजतो. ती परतफेड बंद करावी. नोंद सुरू केल्यावर लगेच वाजवू नये. आधी सारे स्टॉप मिटवावेत, मग हवे ते ओढावेत, मग दोन मात्रा थांबून सुरुवात करावी. हे केले नाही तर शांत प्रार्थनेची धून दुसऱ्या दिवशी तुताऱ्यांच्या थाटात गर्जू लागते, कारण आदल्या वादकाने ओढून ठेवलेले स्टॉप तसेच असतात. मध्येच वायर निघाली तर ‘बंद’चा निरोप पोहोचत नाही आणि सूर अडकून बसतो; सर्व स्वर बंद करण्याची आज्ञा त्यासाठीच दिलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या ऑर्गनवर ही नोंद वाजवाल तर स्वर बरोबर येतील, पण स्टॉपांचा भरवसा नाही; त्यांची बोली बहुधा प्रत्येक घराण्याची आपापली आहे.

सीक्वेन्सरचा खरा उपयोग मात्र निराळाच आहे. ऑर्गनवादकाला आपला ऑर्गन कधीच नीट ऐकू येत नाही, कारण तो त्याच्या अगदी पुढ्यात बसलेला असतो. नोंद करून तो उठतो, दालनाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि स्वतःला श्रोता म्हणून ऐकतो. तेव्हा कळते की डाव्या हाताचा स्टॉप जड झाला, पाय घाई करताहेत. शिकणाऱ्याला गती निम्मी करून ऐकता येते, आणि सूर खाली उतरत नाही. एक हात यंत्राकडे देऊन दुसऱ्याचा रियाज करता येतो.

एक मोह मात्र टाळावा. सीक्वेन्सरमध्ये एक सोय असते : मागेपुढे पडलेला प्रत्येक स्वर ती मात्रेवर आणून नीट बसवते. ऐकायला ते स्वच्छ वाटते, पण त्याबरोबर वादकाचे रेंगाळणे, त्याचा श्वास, सारेच पुसले जाते. वेल्टेने एवढ्या खटपटीने जे कागदावर आणले, ते एका बटणासरशी घालवून आपण पुन्हा दातेवाल्या कारागिराकडे जातो. चुकलेला स्वर जरूर दुरुस्त करावा. माणूस दुरुस्त करू नये.

यंत्र आले म्हणजे वादकाची गरज संपली, अशी भीती दर पिढीत व्यक्त होते. ज्यांची पोटे या कलेवर आहेत त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. सणासुदीला वादकाऐवजी यंत्राचे बटण दाबणारे यजमान मी पाहिले आहेत. पण सीक्वेन्सरला स्वतःचे असे काही सांगायचे नसते. आधी कोणीतरी बसून मनापासून वाजवलेले असावे लागते.

आजोबांच्या पिढीतल्या पायपेटीवाल्यांना हे भाग्य लाभले नाही. संगीत नाटकाच्या जुन्या तबकड्यांत गवयाच्या मागे कुठे कुठे त्यांचा सूर ऐकू येतो. पण त्यांचे हात कोणत्याच कागदावर उतरले नाहीत. आज मात्र ज्या घरात आजी-आजोबा वाजवतात, त्या घरातल्या नातवंडाला दोन वायरी जोडून ते टिपून ठेवणे मुळीच अवघड नाही. ही दिवाळी संपण्याआधी त्याने तेवढे करावे.

आमची पायपेटी मी यंदा दुरुस्त करून घेतली. भाता नवा घातला, सूर साफ केले. दुरुस्ती करणाऱ्याने झिजलेल्या पट्ट्याही बदलू का, म्हणून विचारले. तेवढ्या मात्र राहू द्या, असे मी त्याला सांगितले.