छिनच्या कारकुनाचे दफ्तर

प्राचीन चीन म्हटला की आपल्याला दोन-तीन नावे आठवतात. कन्फ्यूशियस, लाओ त्झू, आणि मग भिंत बांधणारा, ग्रंथ जाळणारा तो पहिला सम्राट. त्यातही छिन घराण्याची गोष्ट ठरलेली आहे. जुलमी राजा, जाचक कायदे, आणि पंधरा वर्षांत धुळीला मिळालेले साम्राज्य. ही गोष्ट खोटी आहे असे नव्हे. पण ती सांगितली कोणी? ती सांगितली छिनची गादी बळकावणाऱ्या हान घराण्याच्या काळातल्या विद्वानांनी. च्या यी याने छिनच्या चुकांवर निबंध लिहिला, आणि सीमा छ्येन याने शंभर वर्षांनंतर आपला मोठा इतिहासग्रंथ सिद्ध केला. छिनच्या बाजूचा साक्षीदार जवळजवळ उरलाच नव्हता. तो सापडला १९७५ साली, आणि तोही एक कारकून निघाला.

त्या वर्षी डिसेंबरात हूबेई प्रांतातल्या युनमंग तालुक्यात, श्वेहूदी नावाच्या जागी, पाण्याचा चर खणताना जुनी थडगी लागली. पुरातत्त्ववाल्यांनी एकंदर बारा थडगी उघडली. त्यांतल्या अकरा क्रमांकाच्या थडग्यात राजा नव्हता की सरदार नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या एका पुरुषाचा सांगाडा होता, आणि त्याच्या डोक्याशी, कुशीला, पोटावर, पायांशी बांबूच्या पट्ट्याच पट्ट्या. मोजल्या तेव्हा १,१५५ भरल्या, तुकडे वेगळेच. प्रत्येक पट्टी वीतभर किंवा थोडी अधिक लांब, अर्ध्या बोटाएवढी रुंद, आणि वर कुंचल्याने काळ्या शाईत लिहिलेली अक्षरे. कागद यायचा होता. तोवर अशा पट्ट्या दोऱ्याने ओवून त्यांची गुंडाळी करीत, तेच पुस्तक. इथले दोरे कुजून गेले होते, पण थडग्यात पाणी साचून राहिल्यामुळे बांबू आणि शाई बावीसशे वर्षे टिकली.

या माणसाचे नाव शी. पट्ट्यांत एक वर्षवार टिपण आहे, इ.स.पू. ३०६ पासून २१७ पर्यंतचे. त्यात छिनच्या लढाया आहेत आणि त्यांच्याच रांगेत शीच्या घरच्या गोष्टीही आहेत. जन्म इ.स.पू. २६२. अठराव्या वर्षी लेखनिक म्हणून नोकरी. मग आनलू आणि यान इथल्या कचेऱ्यांत बढती. इ.स.पू. २३५ मध्ये यान येथे फौजदारी प्रकरणांचे काम. मध्ये दोनदा सैन्यात जाणे. मुले झाली, वडील गेले, आई गेली. आणि इ.स.पू. २१९ च्या नोंदीत एवढेच की सम्राट आनलूवरून गेला. ज्याने दोनच वर्षांपूर्वी सहा राज्ये जिंकून चीन एक केला तो सम्राट दारावरून जातो, आणि शी एका ओळीत नोंद करून मोकळा होतो. ना स्तुती, ना तक्रार. मी स्वतः सरकारी कचेरीत फायली हाताळणारा माणूस. ती नोंद वाचून हा गृहस्थ मला फारच ओळखीचा वाटला.

शीने आयुष्यभर हाताळले ते कायदे त्याच्याबरोबर पुरले होते. ते वाचताना सम्राट दिसत नाही, कचेरी दिसते. पाऊस पडला की किती शेतीला त्याचा लाभ झाला ते लेखी कळवायचे. दुष्काळ, पूर, टोळधाड आली तर नुकसान किती तेही कळवायचे. जवळच्या तालुक्याने पायी जासूद पाठवावा, दूरच्याने टपालाने. तातडीचा कागद ताबडतोब पुढे जावा, साधा कागद त्याच दिवशी, आणि निघाल्या-पोचल्याचा दिवस नोंदलेला असावा. म्हणजे आपले आवक-जावक रजिस्टरच! काही विनंती करायची तर लेखीच करावी, तोंडी नको आणि दुसऱ्याच्या मार्फत तर नकोच. नांगराचा बैल रोडावला तर त्याच्या घेरात जेवढे इंच कमी भरतील, तेवढ्या इंचांना दर इंची दहा फटके राखणाऱ्याला. धान्याच्या कोठारात घुशी-उंदरांची तीन किंवा अधिक बिळे सापडली तर एका ढालीच्या किमतीएवढा दंड, दोनपर्यंत असतील तर कानउघाडणी. आणि लहान चिचुंद्र्या उंदरांची तीन बिळे म्हणजे मोठे एक बीळ धरावे, असा खुलासाही आहे. वसंताच्या दुसऱ्या महिन्यात रानात लाकूडतोड करू नये, पक्ष्यांची अंडी-पिले घेऊ नयेत, असाही नियम आहे.

ही सगळी घडी बसवली ती विधिवादी म्हणवणाऱ्या विचारवंतांनी. कन्फ्यूशियसचा भर राजाच्या सदाचारावर आणि रीतिरिवाजांवर. राजा चांगला तर प्रजा चांगली. विधिवाद्यांना हे भोळेपणाचे वाटे. माणसे बक्षीस आणि शिक्षा यांनीच वळतात, म्हणून कायदा स्पष्ट हवा, लिहिलेला हवा, आणि लहानमोठ्यांना सारखा हवा, असे ते म्हणत. शांग यांग याने इ.स.पू. ३५६ पासून छिनमध्ये हेच राबवले. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरले. या पंथाचा सर्वांत मोठा लेखक हान फेई छिनच्याच तुरुंगात इ.स.पू. २३३ मध्ये मेला. त्याच्या दोनच वर्षे आधी शी यानला फौजदारीच्या कामावर लागला होता.

आता पुस्तकी मांडणीत हे पंथ एकमेकांचे वैरी. पण शीच्या दफ्तरात काय सापडते? अधिकाऱ्याने कसे वागावे यावरची एक पोथी, आणि तिच्यात सर्वांचे थोडेथोडे. निःपक्षपाती राहा, स्वतःला आवरा, लोकांशी मायेने वागा. बापाने ममता धरावी, मुलाने सेवा करावी, हे थेट कन्फ्यूशियसच्या वळणाचे. बलवानाने नमते घ्यावे, शहाण्याने वेड पांघरावे, हे लाओ त्झूच्या वळणाचे. चौकशीच्या नमुन्यांतही असे आहे की मारहाण न करता सत्य काढणे उत्तम, मारून काढणे कनिष्ठ, आणि धाक घालणे म्हणजे कामच फसले. शिवाय दफ्तरात शुभाशुभ दिवसांच्या दोन पोथ्या आहेत, आपल्या पंचांगासारख्या. लग्न केव्हा, प्रवास केव्हा, भूत लागले तर काय करावे. हा मुलूख मूळचा छू राज्याचा, छिनने तो इ.स.पू. २७८ मध्ये जिंकलेला. म्हणून छिनचा महिना कोणता आणि छूचा कोणता याचे कोष्टकही त्यात आहे. राज्य बदलले तरी घरात जुने महिने चालूच होते. इ.स.पू. २२७ चे एक परिपत्रक याच थडग्यात मिळाले. त्यात सुभ्याचा अधिकारी थंग तक्रार करतो की लोक अजून आपल्या जुन्या चालीच पाळतात आणि कायदा मानत नाहीत.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग छिन राज्य चांगलेच होते की! थांबा. त्याच पट्ट्यांत असेही आहे. दुसऱ्याच्या तुतीची पाने चोरली आणि त्यांची किंमत एक नाणेही नसली, तरी तीस दिवस वेठ. पाच जणांनी मिळून एका नाण्याहून अधिक चोरले तर प्रत्येकाचा डावा पाय तोडून, तोंडावर गोंदवून, तटबंदीच्या सक्तमजुरीवर. एकट्याने ६६० नाण्यांहून अधिक चोरले तर नाक कापून हीच गत. मायेने वागा म्हणणारी पोथी आणि पाय तोडायला सांगणारा कायदा एकाच माणसाच्या उशाशी होते.

छिनच्या पतनाची प्रसिद्ध गोष्टही या पट्ट्यांवर तपासून पाहता येते. सीमा छ्येन सांगतो की इ.स.पू. २०९ मध्ये ९०० माणसे सरहद्दीच्या कामाला निघाली होती. पावसाने वाट बंद झाली. उशीर झाला तर कायद्याने सगळ्यांची मान जाणार, मग बंड करून का मरू नये, असे म्हणून छन शंग आणि वू ग्वांग उठले, आणि साम्राज्य पेटले. शीच्या पट्ट्यांत वेठीचा कायदा आहे तो असा. तीन ते पाच दिवस उशीर, तर कानउघाडणी. सहा ते दहा दिवस, एक ढाल दंड. त्याहून अधिक, एक चिलखत दंड. आणि पाऊसपाण्यामुळे काम होत नसेल तर वेठ माफ! हा नियम साध्या वेठीचा. सैनिकी कामाचा नियम याहून कडक असू शकतो. म्हणून सीमा छ्येनला खोटे ठरवण्याची घाई करू नये. पण छिनमध्ये उशीर म्हणजे मरणच, असे सरसकट म्हणणे आता कठीण आहे.

मग साम्राज्य पडले का? माझे मत असे की कायदा वेडगळ होता म्हणून ते पडले नाही, वरून येणारी मागणी थांबेना म्हणून पडले. भिंत, रस्ते, राजवाडा, सम्राटाचे थडगे, सगळ्यांना माणसे हवीत. ती माणसे कोणत्या घरातून किती यायची हे शीसारख्याच्या नोंदवहीत अचूक लिहिलेले. कारकून नेटका असला म्हणून मागणी कमी होत नाही, उलट ती पैशापैशाने वसूल होते. प्रामाणिक कारकून अन्याय अंगावर घेत नाही, पण थांबवतही नाही. आमच्या पेशातल्या माणसाने हे विसरू नये.

शेवटची गंमत पाहा. इ.स.पू. २०६ मध्ये बंडखोरांचा पुढारी ल्यू बांग छिनच्या राजधानीत शिरला. बाकीचे सरदार सोने आणि रेशीम लुटायला धावले. श्याओ ह मात्र दफ्तरखान्यात गेला आणि कायदे, नकाशे, नोंदवह्या उचलून आणल्या. हा श्याओ ह पूर्वी छिनच्याच राज्यात तालुका कचेरीत नोकरीला होता. कुठे किती घरे, कुठला किल्ला कसा, हे ल्यू बांगला कळले ते त्या कागदांतून, आणि त्यांवर हान घराण्याचे राज्य उभे राहिले. पुढे १९८३-८४ मध्ये च्यांगच्याशान येथील थडग्यात हानचे इ.स.पू. १८६ चे कायदे सापडले, ते छिनच्या कायद्यांशी कितीतरी ठिकाणी जुळतात. ज्यांनी छिनला शिव्या दिल्या त्यांनी कारभार छिनचाच ठेवला.

शी हे सारे पाहायला नव्हता. इ.स.पू. २१७ मध्ये, बंडाच्या आठ वर्षे आधी, तो गेला. घरच्यांनी त्याच्या अंगाभोवती त्याचे दफ्तर रचले. सम्राटाच्या राजधानीतले ग्रंथ जळाले, महाल जळाले. आनलूच्या कारकुनाचे कागद तेवढे राहिले.