स्टेशनाविना स्टेशन वॅगन

‘स्टेशन वॅगन’ हे नाव अमेरिकेत रूढ झाले ते रेल्वेमुळे. आगगाडीतून उतरलेला पाहुणा आणि त्याच्या ट्रंका स्टेशनावरून घरापर्यंत पोचविणारी लाकडी पेटीची गाडी ती स्टेशन वॅगन. घोडे गेले, मोटारी आल्या, तरी नाव तेच राहिले. फोर्ड कंपनीने १९२९ साली आपल्या मॉडेल ए मोटारीवर लाकडी बांधणीची अशी गाडी कारखान्यातूनच विकावयास काढली. आपल्या भागात प्रकार उलटा होता. वॅगन होती, स्टेशन मात्र नव्हते.

हे विधान थोडे स्पष्ट केले पाहिजे. मुंबईहून सोलापूर, गुलबर्गा, वाडीमार्गे रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१ सालीच पूर्ण झाला. बिदरला गाडी आली ती विकाराबादेकडून. पण या दोन जिल्ह्यांच्या गावांना एकमेकांशी जोडणारी वाट लोहमार्गाच्या नकाशावर नव्हतीच. बिदरच्या माणसाला आगगाडीने गुलबर्ग्यास जावयाचे तर आधी विकाराबाद गाठून मग तांडूर, वाडी असा वळसा पडे. हुमनाबादमार्गे थेट बिदर-कलबुर्गी असा एकशेदहा किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण होऊन त्याचे उद्घाटन झाले २९ ऑक्टोबर २०१७ रोजी. तोवर गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी होऊनही तीन वर्षे लोटली होती. मधल्या काळात भालकी, बसवकल्याण, आळंद, औराद या बाजूंच्या गावांतील लग्नाची वऱ्हाडे, बाळंतपणाला निघालेल्या लेकी, माणिकनगरच्या दत्तजयंतीचे यात्रेकरू यांना रस्त्याचाच आधार होता. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक सुरू केली, हे राज्याला भूषणावह खरेच. परंतु बस पक्क्या सडकेवरून धावे, आणि आपली जुनी घरे सडकेपासून दूर, काळ्या मातीत वसलेली. पावसाळ्यात त्या मातीतून बैलगाडीदेखील निघत नसे. गाणगापूर रोड स्टेशनावर उतरलेल्या भाविकालाही देवल गाणगापूर गाठण्यास वीसेक किलोमीटरची मजल उरतेच.

अशा मुलखात, भालकी तालुक्यातील माझ्या मावशीच्या सासरी, एक विलिस स्टेशन वॅगन होती आणि अजून आहे. गेली दोन वर्षे घराच्या वाड्यातच तिची दुरुस्ती चालू आहे. तिच्या निमित्ताने जे वाचले, पाहिले, ते येथे मांडतो.

विलिस-ओव्हरलँड ही ओहायो प्रांतातील टोलेडो येथील कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिने लष्करासाठी जीप बनविली. युद्ध संपल्यावर याच यंत्रावर कुटुंबाची गाडी उभी करावी असे तिने ठरविले, तेव्हा अडचण आली ती पत्र्याची. मोटारींची अंगे घडविणारे मोठे कारखाने दुसऱ्यांच्या कामात गुंतलेले. कंपनीला घरगुती उपकरणांचा पत्रा ठोकणाऱ्या कारखान्याकडे जावे लागले. त्याच्या यंत्राला सहा इंचांहून अधिक खोल दाब देता येत नव्हता. ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखकाने ही मर्यादा स्वीकारूनच सपाट बाजू आणि सरळ कडा असलेली गाडी आखली. १९४६ साली ती बाजारात आली. तोवरच्या स्टेशन वॅगनी लाकडी असत. ही संपूर्ण पोलादी. गिऱ्हाइकाची लाकडाची सवय मोडू नये म्हणून मात्र तिच्या बाजूंवर लाकडी चौकटींसारखे उंचवटे ठोकून ते पिवळट-तपकिरी रंगाने उठावदार केलेले, आणि बाकी अंग मरून.

पोटात जीपचेच इंजिन : चार सिलिंडर, सुमारे २,२०० घनसेंटिमीटर, साठेक अश्वशक्ती. या एका गोष्टीमुळे ही गाडी हिंदुस्थानात तगली. लुधियान्यात १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र झाली (भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले) आणि लवकरच मुंबईत विलिसच्या जीपगाड्या जोडू लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली, तसे जीप हे वाहन सरकारी कामाचे चिन्हच बनून गेले. जीप तालुक्याला पोचली की तिचे सुटे भाग पोचतात, आणि भागांमागोमाग मिस्त्री तयार होतात. आमच्या खात्यातही निर्लेखित झालेल्या जीपगाड्यांचा लिलाव असला, की बोली लावणाऱ्यांत निम्मे मिस्त्रीच असत. त्यांना गाडी नको असे, तिच्या आतले सामान हवे असे.

मावशीच्या सासऱ्यांनी ही वॅगन पोलीस कारवाईनंतरच्या वर्षांत घेतली. तिच्या नोंदणी-पुस्तिकेत हैदराबाद राज्य, म्हैसूर राज्य आणि कर्नाटक असे तिन्ही शिक्के आहेत. १९५६ च्या पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले, भालकी-हुमनाबाद म्हैसुरात आले. घराचे सोयरे तिन्हीकडे विखुरले. गाडी त्या तिन्हीकडे जात राहिली, आणि कोणत्या सीमेवर कोणता कर भरावयाचा याच्या पावत्या त्या पुस्तिकेत अजून खोचलेल्या आहेत. आपल्या घरांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांनी सनदा-वतनांच्या कागदांबरोबर असल्या पावत्याही पाहाव्यात, असे मला वाटते.

आता दुरुस्तीविषयी. यंत्राचा भाग वाटला होता त्याहून सोपा गेला, अंगाचा भाग कठीण. पुढच्या बैठकीखालचा तळपत्रा, मागच्या खालच्या फळीची कड आणि चॅसिसवर अंग टेकते त्या जागा गंजाने चाळणी झाल्या होत्या. गंज नुसता घासून भागत नाही. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो, नाहीतर नव्या रंगाखाली तो वर्षभरात पुन्हा डोके काढतो. नवे पत्रे मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा हुमनाबादकडचा एक कारागीर बोलावला, ज्याचा पिढीजात धंदा धान्याच्या कोठ्या आणि पत्र्याच्या ट्रंका करण्याचा. मोटारीला त्याने कधी हात लावलेला नव्हता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “ही तर पेटीच आहे.” टोलेडोत जे घडले होते तेच त्याने एका वाक्यात सांगितले. लाकडी ठोकळा आणि हातोडी एवढ्यावर त्याने उंचवटे असे उतरविले, की जुन्या-नव्याचा सांधा बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

दाराच्या मुठीची गोष्ट याहून मजेची. त्या काळच्या मोटारींच्या मुठी, दिव्यांच्या कडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असत. जस्ताला कालांतराने फोड येतात आणि तो तडकतो. त्याला झाळही नीट धरत नाही. बिदरला जस्ताची ओळख करून देण्याचे कारण नाही. बिद्रीचे भांडे म्हणजे जस्तात थोडे तांबे, एरंडेल व राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात ओतलेले, चांदीने मढविलेले आणि किल्ल्यातल्या मातीने काळे केलेले. तेथील एका कारागिराला तुटकी मूठ दाखविली. त्याने ती खिळ्याने खरवडून पाहिली आणि ही धातू आमच्याच घरची, पण रोज ओढण्याच्या कामाची नाही, असे सांगितले. मग साचा बिद्रीच्या मातीचा केला आणि ओतले पितळ. अशा चार मुठी झाल्या.

रंग खरवडताना पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली करडा असे थर निघाले आणि अगदी तळाशी उंचवट्यांच्या खाचांत मरून व पिवळट रंग सापडला. घरच्यांची समजूत होती की आजोबांनी हौसेने दोन रंग दिले होते. ती कारखान्याची लाकडाची नक्कल होती, हे कळल्यावर मावशी काहीशी हिरमुसली.

खरा वाद पेटला इंजिनावरून. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा त्या भागातील कितीतरी जीपगाड्यांप्रमाणे या वॅगनमध्येही ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसविले गेले. त्यासाठी लेथवर मधली चकती कातून घेतली, सहा व्होल्टची वीजव्यवस्था काढून बारा व्होल्टची घातली, पुढच्या पाट्यांना एकेक पान वाढविले. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, शुल्क वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र वाहन मूळ स्वरूपात हवे; चॅसिस, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार नको. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाचे म्हणणे, भंगारातल्या जीपचे पेट्रोल इंजिन आणून बसवू आणि गाडी मूळ रूपात नेऊ. मावशीचे म्हणणे, डिझेल इंजिन माझ्या पाटल्या मोडून आले, ते कोणत्या कायद्याने उपरे ठरते?

नियमाचा मसुदा मला वाचावयास दिला गेला, कारण आयुष्यभर मी तेच केले. नियम चुकीचा नाही. कोठेतरी रेघ ओढली नाही तर कालची गाडीही व्हिंटेज म्हणून मिरवेल. परंतु परक्या जीपचे इंजिन घातल्याने कागद जुळला, तरी गाडी मूळची होत नाही, हे मी नातवाला स्पष्टपणे सांगितले. पेट्रोलवर ही वॅगन वीसेक वर्षे धावली आणि डिझेलवर त्याहून अधिक. डिझेल नसते तर ती १९७५ च्या सुमारासच भंगारात गेली असती. शिवाय व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला प्रदर्शन, फेरी, इंधन, देखभाल एवढ्याचीच मुभा. रोजच्या वापरास रस्ता बंद. मावशीला दत्तजयंतीला माणिकनगरला जावयाचे असते.

शेवटी नातवाने रंग निवडला आणि मावशीने इंजिन. गाडी मरून झाली, उंचवटे पिवळट. इंजिनाची पंप-नोझल कलबुर्गीहून तपासून आली आहे. खिडक्यांची रबरे तेवढी बसावयाची आहेत. मिस्त्री म्हणतो, मृगाच्या आत बसवून देतो.