अतिसंवाहक तापमापक आणि प्रारणशोधक

अतिसंवाहक तापमापक आणि प्रारणशोधक : काही धातू व मिश्रधातू ठरावीक तापमानाखाली गेले की त्यांचा विद्युत् रोध नाहीसा होतो. हा बदल ज्या अरुंद तापमानपट्ट्यात घडतो त्याचा उपयोग करून अतिनीच तापमान मोजणारी, तसेच प्रारणातून आलेली अत्यल्प ऊर्जा टिपणारी साधने या नावाखाली येतात. लायडन येथे हाइके कामर्लिंग ऑनस यांच्या प्रयोगशाळेत १९११ मध्ये पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या आसपास एकाएकी नाहीसा झालेला आढळला, तेव्हापासून ही पायरी माहीत आहे. शुद्ध व ताणरहित नमुन्यात तिची रुंदी एक मिलिकेल्विनहूनही कमी असू शकते. तापमापनशास्त्रज्ञाला ती जितकी उभी तितकी चांगली, कारण त्याला तिची फक्त जागा हवी असते. प्रारणशोधक बनवणाऱ्याला मात्र तिच्या मधोमध ठाण मांडून बसायचे असते, आणि सगळी अडचण त्या बसण्यातच होती.

तापमापनात या पायऱ्यांचा उपयोग स्थिर बिंदू म्हणून होतो. १९७६ च्या हंगामी तापमानश्रेणीत पाच धातूंची संक्रमण तापमाने संदर्भबिंदू म्हणून घेतली होती : शिसे ७.१९९९, इंडियम ३.४१४५, ॲल्युमिनियम १.१७९६, जस्त ०.८५१ आणि कॅडमियम ०.५१९ केल्विन. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने (तेव्हाचे नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स) अशा नमुन्यांचे तयार संच प्रयोगशाळांना पुरवले. त्यांपैकी एका संचात गोल्ड-इंडियम व गोल्ड-ॲल्युमिनियम ही संयुगे, इरिडियम-रुथेनियम मिश्रधातू, बेरिलियम आणि टंगस्टन यांचे बारीक तुकडे असत. त्यांची पायरी अनुक्रमे सुमारे २०५, १६०, ९९, २३ आणि १५ मिलिकेल्विनवर येते. नमुन्याला तारा जोडून रोध मोजण्याऐवजी त्याच्याभोवती दोन वेटोळी ठेवतात. अतिसंवाहक झालेला तुकडा चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, त्यामुळे वेटोळ्यांचे अन्योन्य प्रवर्तन बदलते आणि पायरी ओळखू येते.

टंगस्टनच्या बाबतीत हे काम फार नाजूक आहे. त्याची अतिसंवाहकता मोडायला अवघे ०.१ मिलिटेस्लाच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र पुरते आणि पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रच जवळपास त्याच्या निम्मे भरते. ते क्षेत्र आवरणे घालून किंवा उलट्या क्षेत्राने जवळजवळ शून्यावर आणले नाही, तर टंगस्टनची पायरी खाली सरकते. शिवाय उरलेल्या क्षेत्रात नमुना संक्रमण तापमानाखाली जाऊनही काही काळ सामान्य अवस्थेतच अडकून राहतो, म्हणजे थंड करताना एक आकडा मिळतो आणि तापवताना दुसरा. आज १९९० ची आंतरराष्ट्रीय श्रेणी ०.६५ केल्विनपासून सुरू होते आणि त्याखालची २००० ची हंगामी श्रेणी हीलियम-३ च्या वितळण्याच्या दाबावर बेतलेली आहे. अतिसंवाहक बिंदू त्यांच्या व्याख्येत नाहीत. पण रोजच्या कामात शीतकाचा तापमापक पडताळून पाहण्यासाठी ते फार सोयीचे पडतात.

प्रारण मोजणाऱ्या शाखेचे मूळ बोलोमीटरमध्ये आहे. सॅम्युअल लँग्ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पट्टीवर पडलेल्या उष्णतेने वाढणारा रोध मोजून सूर्याचे अवरक्त प्रारण अभ्यासले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डोनाल्ड अँड्र्यूज यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी त्याच जागी टँटलमची तार घेतली आणि ती ३.२ केल्विनच्या सुमाराला, म्हणजे ऐन संक्रमणात ठेवली. १९४९ मध्ये त्यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या पट्टीवर आल्फा कण पडताना निर्माण होणारे विद्युत् दाबाचे स्पंद नोंदवले. कल्पना पूर्ण होती, प्रयोगही यशस्वी झाला होता. तरी पुढची चाळीसेक वर्षे हे साधन प्रयोगशाळेबाहेर फारसे पडले नाही.

याची कारणे दोन. पट्टीचा रोध ओहमच्या अंशात असल्याने नेहमीच्या ट्रान्झिस्टर प्रवर्धकाशी तो जुळत नसे. ही अडचण फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये तयार झालेल्या स्क्विडने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील अतिसूक्ष्म बदल मोजणाऱ्या अतिसंवाहक कड्याने पुढे सोडवली. दुसरे कारण स्थैर्याचे. पट्टीतून स्थिर प्रवाह सोडला तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता रोधाच्या समप्रमाणात असते. रोध जरा वाढला की उष्णता वाढते, त्याने रोध आणखी चढतो आणि पट्टी उतरणीवरून बाहेर फेकली जाते. स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या केंट आयर्विन यांनी १९९५ मध्ये प्रवाहाऐवजी विद्युत् दाब स्थिर ठेवण्याचा मार्ग दाखवला. आता उष्णता रोधाच्या व्यस्त प्रमाणात राहते. पट्टी तापली की तिला मिळणारी उष्णता कमी होते, निवली की वाढते. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी चढताच नळ बंद करतो तसे हे आपोआप चालते. शिवाय या पुनःप्रदायामुळे पट्टी नुसत्या उष्णतावहनाने निवली असती त्याहून कितीतरी लवकर मूळ जागी येते. या क्षेत्रातला खरा टप्पा कोणता म्हणाल, तर कुठलाही नवा पदार्थ नव्हे, जोडणीतला हा फेरबदल. अशा साधनाला संक्रमण-कडा संवेदक म्हणतात.

एका स्पंदाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. लोह-५५ या किरणोत्सर्गी स्रोतातून ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण फोटॉन निघतो. संवेदकाची उष्माधारकता एक पिकोज्यूल प्रति केल्विन धरली, तर तो शोषला जाताच तापमान सुमारे एक मिलिकेल्विनने चढते, प्रवाह घटतो आणि स्क्विड ती घट टिपतो. खोलीच्या तापमानाला एवढी वाढ उष्णतेच्या नैसर्गिक चढउतारात बुडून गेली असती, पण ०.१ केल्विनला उष्माधारकता व चढउतार दोन्ही इतके कमी असतात, की फोटॉनची ऊर्जा दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अचूकतेने सांगता येते. चांगल्या सिलिकॉन शोधकाला याच ठिकाणी सव्वाशेच्या आसपास इलेक्ट्रॉनव्होल्टवर थांबावे लागते.

हवे ते संक्रमण तापमान मिळवण्यासाठी मॉलिब्डेनमवर सोने किंवा तांबे, अथवा टायटॅनियमवर सोने असे दुहेरी थर वापरतात; सामान्य धातूच्या सान्निध्याने अतिसंवाहकाचे संक्रमण तापमान खाली येते आणि थरांच्या जाडीवरून ते ठरवता येते. मर्यादाही त्याच अरुंद उतरणीतून येते : ऊर्जा जास्त आली की संवेदक संक्रमणाबाहेर जाऊन आंधळा होतो. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीत ५१२ टायटॅनियम संवेदक होते. आकाशातून येणाऱ्या मंद सूक्ष्मतरंगांसाठी ते योग्य, पण प्रयोगशाळेच्या उबदार भिंतींसमोर ते निकामी ठरत. म्हणून प्रत्येक टायटॅनियम संवेदकाशी अधिक संक्रमण तापमानाचा एक ॲल्युमिनियमचा संवेदक एकसरीत जोडला होता, निव्वळ चाचणीसाठी. या दुर्बिणीने २०१४ मध्ये जाहीर केलेला आदिम गुरुत्वीय तरंगांचा संकेत पुढे आपल्याच दीर्घिकेतील धुळीने समजावता आला; संवेदकांच्या कामगिरीवर मात्र त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले नाही. हवाईतील जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवरील स्कूबा-२ कॅमेऱ्यात असे दहा हजारांवर संवेदक आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र तारा दिल्या असत्या, तर त्या तारांतूनच शीतक तापला असता. म्हणून अनेक संवेदकांचे संकेत स्क्विडमार्फत मोजक्या तारांवरून आळीपाळीने वाचतात.

इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखाली क्रेस्ट प्रयोगात कॅल्शियम टंगस्टेटच्या स्फटिकावर टंगस्टनची पातळ फिल्म बसवलेली असते आणि कृष्णद्रव्याच्या कणाने स्फटिकाला दिलेला धक्का १५ मिलिकेल्विनच्या आसपास उष्णतेच्या रूपात शोधला जातो. स्थिर बिंदू म्हणून ज्या टंगस्टनने तापमापनकारांना छळले, तोच येथे संवेदक आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कथिलातील न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षयासाठी हाती घेतलेल्या प्रयोगात अतिसंवाहकाची भूमिका वेगळी आहे : तेथे ३.७ केल्विनखाली अतिसंवाहक होणारे कथिलच शोषक असते, कारण त्या अवस्थेत त्याच्या इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता झपाट्याने घटते. तापमान मोजणारा संवेदक मात्र अर्धसंवाहक जर्मेनियमचा असतो.

उच्च-तापमान अतिसंवाहकांचे बोलोमीटर ९० केल्विनच्या सुमारास, द्रव नायट्रोजनच्या सोयीने चालतात. पण त्या तापमानाला उष्माधारकता इतकी वाढलेली असते, की वरच्या साधनांशी त्यांची बरोबरी नाही. खरी स्पर्धा दोन भावंडांची आहे. गतिज प्रवर्तन शोधकात (२००३) फोटॉनने मोडलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांमुळे अनुनादकाची वारंवारता सरकते आणि एकाच तारेवरून शेकडो अनुनादक एकाच वेळी वाचता येतात. मॉस्कोतील गोल्ट्समन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलेल्या नॅनोतारेत एक फोटॉन पडताच तार त्या ठिकाणी क्षणभर सामान्य होते. ती फोटॉन आला एवढेच सांगते, त्याची ऊर्जा किंवा संख्या सहसा सांगत नाही. पण वेग विलक्षण. २०१५ मध्ये पुंज यामिकीतील बेलच्या असमानतेच्या पळवाटरहित चाचण्यांपैकी व्हिएन्नातील चाचणीत संक्रमण-कडा संवेदक वापरले गेले, तर अमेरिकेतील बोल्डर येथील चाचणीत नॅनोतारा. सायकी यानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे १.६ कोटी किलोमीटरवरून पाठवलेला लेझर संदेश पॅलोमारच्या हेल दुर्बिणीवर अशाच नॅनोतारांनी वाचला.